आतोबांचं ‘बिघडलं तर?’

आमच्या आतोबांइतका भित्रा आणि आमच्या आतोबांइतका धीट माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. उभी हयात त्यांनी आकाशात वस्तू पाठवण्यात घालवली. आधी क्षेपणास्त्रं, मग उपग्रह आणि शेवटी विमानं. निवृत्त झाल्यावर आत्याला घेऊन ते मांडवीला, समुद्राच्या वाऱ्यावर बांधलेल्या छोट्या घरात राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या रहाटाशेजारी दुसरा दोर गुंडाळून ठेवला. पहिला तुटला तर म्हणून. दुसरा तुटला तर काय, असं मी थट्टेनं विचारलं, तेव्हा त्यांनी मला शांतपणे पडवीत नेऊन तिसरा दाखवला.

‘हे बिघडलं तर?’ हा प्रश्न त्यांच्या जिभेवर नसे, श्वासात असे. माझ्या लग्नाला ते रजा काढून चार दिवस आधी आले आणि माझ्या वडिलांना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “गुरुजींचा घसा बसला तर?” वडील हसले. पण लग्नाच्या सकाळी राजापूरहून एक जादा गुरुजी येऊन कार्यालयाच्या कोपऱ्यात बसले होते, अंतरपाट दोन होते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली हारांची एक जोडी न्हाणीघरात गारव्याला टांगलेली होती. आमच्या गुरुजींचा घसा इतका खणखणीत निघाला की मंगलाष्टकं शेजारच्या आळीतही ऐकू गेली. जादा गुरुजी पोटभर जेवले, तोंड भरून आशीर्वाद देऊन गेले. “आतोबा, काहीसुद्धा बिघडलं नाही,” मी म्हणालो. त्यावर अतिशय समाधानानं मान हलवून ते म्हणाले, “हां. म्हणजे तयारी बरी झाली.”

गाडीतून कुठे जायचं तर माणसं कुठे बसणार हे नात्यावरून किंवा वयावरून ठरत नसे, वजनावरून ठरे. एकदा आम्ही सगळे गणपतीपुळ्याला निघालो होतो. माझे धाकटे काका अंगानं भरपूर. खिडकीपाशी बसावं म्हणून ते सगळ्यांच्या आधी जाऊन बसले, तर आतोबांनी त्यांना हाताला धरून अदबीनं उतरवलं, मधे बसवलं, दोन्ही बाजूंना दोन बारीक माणसं घातली, आंब्याची पेटी मागे डावीकडे सरकवली आणि म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका हो. हे गणित आहे.” काकांनी मनाला लावून घेतलं. आरे-वारेच्या वळणांवर गाडी कशी जमिनीला धरून चालली आहे हे आतोबा त्यांना उत्साहानं समजावून सांगत होते आणि काका डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

स्वयंपाकघरात मात्र आत्यानं त्यांना कायमची बंदी केली होती. त्याचं झालं असं, की एका चतुर्थीला उकडायला ठेवायच्या मोदकांकडे ते बराच वेळ चष्मा वर करून बघत राहिले आणि एका मोदकावर बोट ठेवून म्हणाले, “ह्याची शिवण सुटेल.” आत्या म्हणाली, “शिवण कसली? मोदक आहे तो.” झाकण काढलं तर नेमका तोच फुटून सारण बाहेर आलेलं. आत्याला मोदक फुटल्याचं वाईट वाटलं नाही, ह्यांचं खरं झाल्याचं वाटलं. “चाळीस माणसं जेवायची आहेत घरात, आणि हे मोदकाला नजर लावून बसतात मेले,” असं म्हणून तिनं त्यांना पडवीत पिटाळलं. तिथे बसून ते केळीच्या पानांच्या शिरा तपासत राहिले.

त्यांचं मूळ गाव आत, डोंगराकडे. घरची भातशेती, कातळावरची जमीन. त्या गावातून शिकून इंजिनियर झालेला हा पहिला माणूस, त्यामुळे इंजिनियर म्हणजे यंत्रं दुरुस्त करणारा अशी सगळ्यांची सरळ समजूत. आतोबांनी ती कधी मोडली नाही, कारण आपण नेमकं काय करतो हे सांगायची त्यांना मुभाच नव्हती. रजेवर गावी आले की लोक पंप, शिलाईचं मशीन, भिंतीवरचं घड्याळ असं काय काय घेऊन खळ्यात रांग लावत. एका काकूंचा मिक्सर त्यांनी पुरा खोलून, प्रत्येक भाग पुसून, पुन्हा असा जोडला की तो चालू आहे की बंद हे काकूंना कळेना. त्या आठवडाभरानं तक्रार घेऊन आल्या, “आवाज नाही हो येत पूर्वीसारखा. वाटण वाटल्यासारखं वाटत नाही.” देशाची क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या माणसानं तो मिक्सर पुन्हा खोलला आणि त्यात थोडा आवाज घालून दिला.

आत्यालाही फारसं काही ठाऊक नसे. दक्षिणेत एका मोठ्या शहरात त्यांचं बिऱ्हाड होतं. हे सकाळी जात, रात्री येत, मधूनच पंधरा-पंधरा दिवस गायब होत. एकदा असेच बाहेरगावाहून आले, चेहरा उतरलेला, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, “पडलं.” आत्या घाबरून उठली. “कुठे लागलं?” “अगं मी नाही. ते पडलं.” “ते म्हणजे काय?” “ते सांगता येत नाही.” आत्या मला ही गोष्ट सांगते तेव्हा पुढे म्हणते, “मग मी काय करणार? वाढलेलं ताट तसंच होतं. म्हटलं, जे काय पडलं असेल ते पुन्हा उभं करता येईल ना? हे म्हणाले, येईल. म्हटलं, मग जेवा.” वर्षभरानं ते तसेच एकदा आले आणि ह्या वेळी आपण होऊन दोनदा आमटी मागून घेतली. काय झालं हे आत्यानं विचारलं नाही. तिला आमटीवरून कळलं.

पुढे त्यांची नेमणूक उपग्रहांच्या कामावर झाली आणि घरात जरा मोकळं बोलणं सुरू झालं. आमच्याकडे प्रत्येक घरातला एक तरी मुलगा मुंबईला असतो आणि आई त्याच्या खुशालीची वाट बघत असते. आतोबांचं पोर त्याहून लांब होतं, एवढंच. “आज जरा तापला होता,” ते चहा पिताना सांगत, “आता बरा आहे.” त्या उपग्रहाचं ठरलेलं आयुष्य संपलं तरी तो काम करत राहिला. त्याचं आतोबांना एखाद्या म्हाताऱ्या नातलगाच्या काटकपणाचं वाटावं तसं कौतुक. एक दिवस त्याच्याकडून उत्तर येईना. दोन दिवस हाका मारून झाल्या. तिसऱ्या दिवशी आतोबा दुपारीच घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या पंचानं देवासमोर बसले. आत्यानं त्या दिवशी गोडाचं करायचं ठरवलं होतं, ते केलं नाही.

नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी विमानांवर काढली. तिथे काय घडलं ते आम्हाला कळलं ते मात्र फार उशिरा, आणि तेही त्यांच्या तोंडून नाही. काही वर्षांमागे आंब्याच्या दिवसांत मी मांडवीला त्यांच्या पडवीत बसलो होतो, तेव्हा एक उंच, ताठ गृहस्थ बायकोसह फाटकाशी आले. साताऱ्याकडचे होते, नवी विमानं पहिल्यांदा उडवून बघणारे वैमानिक, आता निवृत्त. गणपतीपुळ्याला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आले होते. आतोबांना बघून त्यांनी सरळ खाली वाकून नमस्कार केला. आतोबा इतके गोरेमोरे झाले की “अहो, अहो” म्हणत स्वतःच अर्धे वाकले.

कोकम सरबत आलं. वैमानिक आत्याला म्हणाले, “वहिनी, आमच्या त्या दिवसाचं यांनी तुम्हाला सांगितलंय का कधी?”

“मला हे कधी काय सांगतात?” आत्या म्हणाली.

मग त्यांनीच सांगितलं. नवीन विमान होतं, त्याचं पहिलं उड्डाण होतं. दिल्लीहून मोठे पाहुणे येऊन मांडवाखाली बसले होते. हे वैमानिक पट्टे आवळून आत बसलेले, इंजिन सुरू. आतोबा खाली यंत्रांपुढे आकडे बघत होते. एक आकडा एकदाच हलला आणि परत जागेवर आला. दुसऱ्या कुणाला दिसला नाही. आतोबा म्हणाले, “आज नको.” वरिष्ठांनी विचारलं, काही बिघडलंय याची खात्री आहे का. आतोबा म्हणाले, नाही. मग कशासाठी थांबायचं? “ठीक आहे याचीही खात्री नाही, म्हणून.” पाहुण्यांना काय सांगू, असं वरिष्ठ ओरडले. आतोबा म्हणाले, “माझ्यामुळे थांबलं म्हणून सांगा.”

पाहुणे उठून गेले. विमान खोललं. कित्येक आठवडे एकेक भाग तपासला.

“आणि काय निघालं?” मी विचारलं.

“काही नाही,” वैमानिक म्हणाले. “काहीच सापडलं नाही. पुढे तेच विमान मी उडवलं, छान उडालं. पण यांच्याकडे येणारं प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं ते गेलंच. लोक हसले यांना. मीसुद्धा त्या दिवशी चिडून घरी गेलो होतो. बायकोला म्हटलं, रद्द झालं आजचं. ही आत जाऊन देवापुढे उभी राहिली, बराच वेळ बाहेरच आली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की तिथे एवढ्या माणसांत एक माणूस असा होता, ज्याला मांडवातल्या पाहुण्यांपेक्षा मी मोठा वाटलो. त्यानंतर यांनी ‘जा’ म्हटलं की मी एकदाही ‘का’ विचारलं नाही.”

त्यांची पत्नी खाली बघत होती. आतोबा समुद्राकडे. तिकडेच बघत ते म्हणाले, “सरबत घ्या हो. गरम होतंय.”

आत्या मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होती. “त्या वर्षी हे महिना-महिना झोपत नव्हते,” ती हळू म्हणाली. “मला वाटलं पित्त झालंय. मी आपली रोज सोलकढी पाजत होते.”

“तिनं बरं वाटत होतं,” आतोबा म्हणाले.

पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवून आल्यावर मी त्यांना विचारलं, पद गेल्याचं वाईट नाही वाटलं का. “वाटलं की,” ते म्हणाले. “पण असं बघ. सुरुवातीला मी जे बनवलं ते जायचं आणि परत यायचं नाही. मग जे बनवलं ते जायचं आणि तिथेच राहायचं. शेवटी जे केलं त्यात माणूस बसायचा, आणि त्याला जेवायला घरी यायचं असायचं. आधीचं काही चुकलं तर आम्ही पुन्हा बनवलं. माणूस पुन्हा कुठून बनवणार?”

आता आतोबा ऐंशीच्या घरात आहेत. इंजिनांच्या चाचण्यांपाशी उभं राहून घालवलेल्या वर्षांची किंमत कानांनी भरून दिली आहे. एका कानानं काही येत नाही, दुसऱ्यानं थोडं. संध्याकाळी दोघं मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत जातात आणि कठड्याशी उभी राहतात. त्या वेळी खूप उंचावरून एखादं विमान दक्षिणेकडे जातं. आतोबांना ते ऐकू येत नाही. आत्याला येतं. जिनं जन्मभर विमानात रस घेतला नाही, ती आता आवाज आला की त्यांच्या मनगटाला हात लावते आणि बोट दाखवते. आवाज मागे राहतो, विमान पुढे गेलेलं असतं, म्हणून आवाजाच्या जरा पुढे बोट धरायला ती आपली आपण शिकली आहे. आतोबा डोळ्यांवर हात धरून बघतात. परवा मीही त्यांच्याबरोबर होतो.

“कुठे चाललंय गं?” त्यांनी विचारलं.

“गोव्याकडे असेल,” आत्या त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली.

ते ठिपक्याएवढं होऊन मावळतीच्या उजेडात विरघळलं तरी आतोबांनी हात खाली घेतला नाही.

“पोचेल,” ते म्हणाले.