मोठा क्लब अन् पाळीचं घर

आमच्या पानठेल्यावर हल्ली मोठा क्लब कोणता यावरून भांडणं होतात. ज्या शहरांची नावं यांच्या जिभेवर धड बसत नाहीत, तिथल्या क्लबांचे बनियन घालून पोरं बाकड्यावर बसतात अन् कोणाकडं किती कप, कोणता खेळाडू केवढ्याला विकला गेला, हे मोबाइलात पाहून एकमेकांच्या अंगावर धावतात. बैलबाजारातला माणूस याहून शहाण्यासारखा बोलतो. तो निदान बैलाचे दात तरी पाहतो.

मला कोणी विचारत नाही. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला फुटबॉलचं काय कळणार. यांना ज्या वयात घाटंजीच्या बाजारातून पिशवी आणताना दम लागतो, त्या वयात मी सेंटर हाफला खेळत होतो, तेही अनवाणी. पुढं गावच्या क्लबाचा सेक्रेटरी झालो. दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून नाही, मी सोडत नव्हतो म्हणून.

आमच्या क्लबात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. गावठाणाला लागून पडीत जमीन, सागाच्या बल्ल्यांचे गोल, चुन्याऐवजी राखेच्या रेघा. पण एक रीत होती. बाहेरून टीम आली की ती गावात जेवायची, घराला दोन खेळाडू. कोणाकडं कोण, हे निवडायचं नाही. मागच्या मॅचला ओळ ज्या घरापाशी थांबली असेल त्याच्या पुढच्या घरापासून पुन्हा सुरू. ती ओळ मोठ्या वावरवाल्यांच्या घरांवरून निघायची, आमच्या बौद्ध वस्तीतून जायची, कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वाडीवरून, वळून पुन्हा रस्त्यावर यायची. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं ही रीत घातली. तो कुणब्याचा होता, तोंडानं फाटका अन् मनानं सरळ. केळापूरकडच्या टीमा आल्या, वणीकडच्या आल्या. तिखटाच्या नावानं ओरडल्या, पण पाळी येईल त्या घरी जेवल्या.

कोळशाच्या खाणीकडचा एक क्लब होता, तो काही कधी आमच्याकडं आला नव्हता. त्यांना बस होती. बसवर नाव रंगवलेलं, नावाच्या दोन्ही बाजूंना वाघ. त्यांचे पुढचे खेळाडू बाहेरून आणलेले, मॅचपुरते. हा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा क्लब, असं ते स्वतःच भोंग्यावरून सांगत फिरायचे. ज्याला आपलं मोठेपण भोंग्यावरून सांगावं लागतं त्याच्याबद्दल मी काय लिहू.

कापसाचे ते वाईट दिवस होते. भावाची वाट पाहत कापूस घराघरात पडून पिवळा पडत होता, माणूस झोपायचा ते कापसावरच. गावात रोज गाड्या यायच्या. कॅमेरेवाले यायचे, कोणाच्या घरी रडू आहे ते विचारायचे अन् तिकडं जायचे. एका पुढाऱ्याला सुचलं की कापूसवाल्यांचं मन रमलं पाहिजे. मग त्यानं फुटबॉलचे सामने लावले. कापसाला भाव द्यायचा सोडून माणसानं आम्हाला शील्ड दिली. फायनलला आम्ही आलो अन् खाणीवाले आले, अन् मैदान आमचं निघालं.

इथं एक सांगायला पाहिजे. खाणीवाल्यांच्या मॅनेजरनं आमच्या कॅप्टनला शब्द दिला होता की फायनल झाली की तुला खाणीत ठेकेदाराकडं कामाला लावतो. कॅप्टन शेतकऱ्याचा पोरगा, घरचा कापूस तसाच पडलेला, बहिणीचं लग्न तोंडावर. त्याला ते काम पाहिजेच होतं. माझं अन् त्याचं पटायचं नाही. तो बॉल पायात ठेवायचा फार अन् माझं ऐकायचा कमी.

मॅचच्या दिवशी बस आली. मॅनेजर निळा ट्रॅकसूट घालून उतरला, गळ्यात शिट्टी. मी ओळीनं घरं सांगत गेलो, खेळाडू दोन-दोन करत जात राहिले, पहिले जेवून परतही आले. रस्त्यावरची घरं झाली, ओळ आमच्या वस्तीकडं वळली. पहिलं घर माझं. सकाळपासून बायकोनं वांग्याची भाजी, वरण अन् भाकरी करून ठेवलेल्या. दोन ताटं मांडलेली.

मॅनेजर म्हणाला, "आता बस करा सेक्रेटरीसाहेब. हे दोघं डाएटवर आहेत. बसमध्ये केळी खातील."

"मंग जेवून आलेल्यातले दोन पाठवा," मी म्हणालो. "त्याइचं डाएट दिसत नाई. दोन घास जास्त खातील."

त्यानं पोरांकडं पाहिलं. पोरांनी आपापल्या बुटांकडं पाहिलं. एक म्हणाला पोट भरलं. दुसरा म्हणाला त्याचा उपास आहे. त्याच्या मिशीला अजून ताक लागलेलं होतं.

"आम्ही तसलं काही मानत नाही," मॅनेजर हळूच म्हणाला. "पण पोरांवर जबरदस्ती कशी करता येईल?"

हे वाक्य मी जन्मभर ऐकलं आहे. मानणारा माणूस कधीच सापडत नाही. सगळे न मानणारेच भेटतात, अन् ताट मात्र तसंच राहतं.

"मंग मॅच नाई," मी म्हणालो अन् घरी आलो. मॅचचा बॉल सेक्रेटरीकडं असायचा. तो मी खाटेखाली सारला.

मागोमाग आमचेच कमिटीवाले आले. पुढारी स्टेजवर येऊन बसला होता.

"एका ताटापायी गाव बुडवतं का बे?" एक म्हणाला.

"ताट माहं हाय म्हणून तुले एक दिसून राह्यलं. तुह्या घरचं असतं तं किती दिसलं असतं?"

"तुहंच घर हाय म्हणून अडून बसला तू."

"कोलामाचं असतं तरी अडलो असतो. तवा तू आला असता का समजवाले?"

दुसरा म्हणाला की सेक्रेटरी आत्ताच बदलता येतो. मी म्हणालो, बदला. त्यांनी दारातच उभ्या उभ्या मला काढलं. वर मलाच विचारलं की ठराव कसा लिहायचा असतो. असल्या माणसांच्या हाती क्लब चालला होता. मग ते कॅप्टनकडं गेले, की टीम घेऊन उतर, बॉल खाणीवाल्यांचा घेऊ.

भोंग्यावरून कॅप्टनचं नाव पुकारणं सुरू झालं. पुकारणाऱ्याचा आवाज लग्नात नवरदेवाला बोलावल्यासारखा. थोड्या वेळानं कॅप्टन माझ्या दारात आला, खेळायचे कपडे घालून, बूट हातात.

मला वाटलं बॉल मागायला आला. मी म्हणालो, "बॉल भेटणार नाई तुले."

"बॉल कोनं मांगला काका," तो म्हणाला अन् बूट दाराबाहेर ठेवून आत आला. माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, वाढा. पाळीचे दोघं आले नाई तं त्याइच्या वाट्याचं बी मलेच वाढा."

"अरे बाबू, तुले खेळाचं हाय ना?" ती म्हणाली. "पोट भरल्यावर पळशीन कसा?"

"म्हणून तं वाढा म्हणतो."

तो ताटावर बसला. मी पाण्याचा तांब्या भरून त्याच्यापाशी ठेवला. पहिलं ताट त्यानं भराभर संपवलं, दुसरं सावकाश. भोंगा त्याचं नाव घेत होता अन् तो वरणात भाकर कुस्करत होता. कॅप्टन नाही म्हणून बाकीचे पोरं मैदानात उतरले नाहीत. काही त्याच्या मागं आमच्या अंगणात येऊन बसले, काही लाजून घरी गेले.

मग भोंग्यानं जाहीर केलं की खाणीवाले जिंकले. नियम असा की समोरची टीम आली नाही तर बॉल मध्यात ठेवून एक गोल मारायचा. त्या बाहेरून आणलेल्या, डाएटवरच्या खेळाडूनं रिकाम्या मैदानात पळत जाऊन रिकाम्या गोलात बॉल मारला. त्यांच्याच बसवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढाऱ्यानं शील्ड दिली, भाषण केलं, कापूस उत्पादकांच्या पाठीशी उभा आहे म्हणाला अन् गाडीत बसला. सगळं आम्हाला माझ्या घरातून ऐकू येत होतं.

"खाणीतलं काम?" मी कॅप्टनला विचारलं.

"गेलं."

"मंग काय करशीन?"

"घरी पडून राह्यला तो कापूस हाय ना, त्याच्यावर झोपीन," तो म्हणाला.

माझी बायको चुलीपाशी होती. तिनं विचारलं, आणखी एक भाकर थापू का. त्याच्या पोटात जागा नव्हती, हे मला दिसत होतं.

"थापा काकू," तो म्हणाला.