पाचवी अट

फूटपट्टी आमच्या पालिकेत नकाशे काढायचा. खरं नाव पगारपत्रकापुरतं. कुठेही गेला की मोजायला लागायचा, म्हणून हे पडलं. तीस वर्षं त्याने मान खाली घालून गटारांचे नि संडासांचे नकाशे काढले. हट्ट धरला तो एकदाच, पोहण्याच्या तलावासाठी.

"समुद्र उशाशी असताना तलाव?" लोक हसले. पण जिन्यावरून पडल्यापासून त्याच्या थोरल्या बहिणीचे पाय लुळे पडले होते. डॉक्टर म्हणाले होते, चालली तर पाण्यातच चालेल. लाटांमध्ये तिला उभं कोण करणार? आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं होतं.

जागा भर वस्तीत मिळाली. नियमाप्रमाणे लगतच्या प्रत्येक घराची संमती हवी होती. तलाव सगळ्यांना हवा होता, फक्त आपल्या भिंतीला लागून नको. फूटपट्टीने उंबरे झिजवले. कुणी म्हणे सातनंतर बंद ठेवा, कुणाला खिडकीसमोर उंच भिंत हवी. तो प्रत्येक अट लिहून घ्यायचा नि खाली सही मिळवायचा. मला म्हणायचा, "आधी बांधून तर होऊ दे. अटी काय, मागाहून सैल करता येतात."

पाचवी अट माझी. माझं घर कोपऱ्यावरचं. "आजारी, अपंग माणसं पाण्यात नकोत बाबा," मी म्हणालो, "धडधाकट असतील त्यांनीच यावं." त्याचं पेन थांबलं. त्याच्या बहिणीच्या हातचं मी कितीदा तरी जेवलो होतो. त्या वेळी ती आठवलीच नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. आठवली होती. पण बोललेला शब्द मागे कोण घेतो? त्याने लिहिलं, मी सही केली.

तलाव झाला. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरायला दांडे होते. ते त्याने न विचारता नकाशात घातले होते. पहिल्या दिवशी तो बहिणीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. फाटकावर त्या अटींचीच मोठी प्रत काचेत लावली होती. रखवालदाराने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, तुमच्याच हातचं आहे. मी काय करू?"

फूटपट्टीने माझ्या गच्चीकडे पाहिलं. मी नुसतं "सोड रे आत" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी वाळलेले कपडे काढत राहिलो.

बहिणीने सगळ्या ओळी सावकाश वाचल्या. "अक्षर छान झालंय रे तुझं," ती म्हणाली. लहानपणी तिनेच ते गिरवून घेतलं होतं.

आता तिथे माझा नातू पोहतो. त्या दांड्यांवर आम्ही टॉवेल वाळत घालतो.