लेकीचं पहिलं बाळंतपण

गोडोलीच्या बनुबाईंना पोटची मुलगी नाही. मुलगेच. त्यामुळे लग्नमांडवात मुलीकडची म्हणून खालमानेनं उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, आणि त्याचं त्यांना भारी सुख वाटायचं. पण नियतीलाही नाटकाची हौस असते. साठी उलटल्यावर बाईंना लेकी झाल्या, एकीपाठोपाठ एक, आणि त्याही काचेच्या बरणीत.

त्याचं असं झालं. नात शिवांजली, घरची शिवी, लष्करी दवाखान्यात नर्स. गेल्या दिवाळीत रजेवरून अंबाल्याला परत जाताना तिनं एक बरणी आजीच्या स्वाधीन केली. आत साखरेचा कोरा चहा, आणि त्यावर तरंगणारी जाड, पांढरट चकती. दिसायला दुधावरच्या सायीसारखी, पण बोट लावलं तर चामड्यासारखी.

"आजी, ही आई. हिच्यावर चहा आंबतो आणि प्यायला छान लागतो. कोंबुचा म्हणतात. पुढच्या दिवाळीला मी आले की हिची एक लेक मला दे, मी तिकडं लावीन. तेवढी हिला बुरशीपासनं जप."

"आन लागलीच बुरशी तर?"

"तर सगळं टाकायचं. आईसुद्धा. खरवडून चालत नाही."

बनुबाईंनी बरणी दोन्ही हातांनी घेतली. घरात सून आली तेव्हासुद्धा त्यांनी इतक्या जपून काही धरलं नव्हतं, असं त्यांचे यजमान, निवृत्त हवालदार लालासाहेब, अजून सांगतात.

आई गुणाची निघाली. दर खेपेला चहावर नवी चकती धरायची, आणि ती सुटी झाली की बनुबाई म्हणायच्या, "पोरगी वयात आली." मग स्थळं बघायची. गल्लीत कुणी लेक मागितली, की बाई आधी घर बघायला जात. ज्या मुलुखात मुलीच्या बापाला चहासुद्धा गार मिळतो, त्या मुलुखात ह्या मुलीकडच्या बाई सरळ स्वयंपाकघरात घुसत. शेजारच्या मंगलकडे गेल्या, तर ओट्यावर केळ्यांचा घड, खाली कचऱ्याचा डबा, आणि मागच्या भिंतीला ओल.

"मंगल, माझी पोर इथं नांदायची न्हाई."

"का वो काकी?"

"पिकल्या केळ्यावर बुरशी बसती, तिथनं उठून हिच्या डोक्यावर बसंल. भित बघ कशी घामेजलीया. जागा बदल, मग मागणी घाल."

मंगलनं केळी हलवली, डबा मागच्या दारी नेला, बरणीसाठी कोरडं, हवेशीर फडताळ मोकळं केलं. मग बाईंनी बरणी कशी धुवायची ते शिकवलं: आधी गरम पाणी, साबणाचा वाससुद्धा उरू द्यायचा नाही, शेवटी व्हिनेगर फिरवायचं. चहा पुरता निवलेला हवा. आलं, वेलदोडा, तुळस काही घालायचं नाही. "ते लाड मागनं, बाटलीत भरल्यावर." तोंडाला घट्ट विणीचं सुती कापड, वर रबर. गाळणीचं जाळीदार फडकं चालणार नाही, चिलटं आत जातात.

आणि आंदण. लेकीबरोबर बाटलीभर जुनं आंबट पाणी दिल्याशिवाय बाई पाठवणी करत नसत. "गोड चहा म्हंजी बुरशीला आवतान," त्या सांगत. "पहिल्याच दिवशी हे आंबट पाणी त्यात पडलं की बुरशीची जवळ यायची छाती न्हाई. हेच पोरीचं दागिनं समज." मंगलची पोर सुखानं नांदली. पाठोपाठ आणखी दोघी उजवल्या.

ही कीर्ती विट्याला पोचली. विट्याला सुलाबाई, म्हणजे लालासाहेबांची बहीण, म्हणजे बनुबाईंची नणंद. ह्या दोघींचं भांडण कुणी कधी ऐकलेलं नाही; त्यांचं सगळं गोड बोलण्यात चालायचं. दर भाऊबीजेला सुलाबाई सकाळच्या गाडीनं माहेरी येत, भावाला ओवाळत, आणि जेवणाची ताटं उचलतात न उचलतात तोच बनुबाई लाडवाचा डबा त्यांच्या पिशवीत सारून म्हणत, "वन्सं, गाडी चुकंल." वर्षानुवर्षं गाडी कधी चुकली नव्हती.

ऐन श्रावणात सुलाबाईंचा फोन आला. "वैनी, गावभर लेकी वाटत सुटलीस म्हनं. नणंदंच्या येळंला हात आखडतो का गं?"

टोमणा वर्मी बसला. बनुबाई उठल्या. नवी लेक घेतली, मोठ्यातली मोठी बाटली काढली आणि आईच्या बरणीतलं आंबट पाणी तिच्यात ओतलं. ओततच राहिल्या. आईजवळ जेमतेम वाटीभर उरलं. त्यावर नवा गोड चहा भरून टाकला आणि विट्याची गाडी धरली. नणंदेचं स्वयंपाकघर नाक मुरडून तपासलं, तिला फळांची टोपली हलवायला लावली, आणि भरल्या बाटलीसकट पाठवणी करून ऐटीत परत आल्या.

काही दिवसांनी त्यांनी आईच्या बरणीवरचं कापड उचललं, आणि खाली बसल्या. चकतीवर हिरवट, कोरड्या लवेची गोल गोल बेटं उठली होती.

लालासाहेब चष्मा लावून आले. "वरचं काढ की चमच्यानं. लोणच्याचं काढतीस तसं."

"आवं, शिवी सांगून गेलीया. दिसलं की समदं टाकायचं."

कढीपत्त्याच्या बुडाशी खड्डा खणला गेला. आईला आत सोडताना लालासाहेब टाचा जुळवून उभे राहिले. "सलामी देऊ?"

"तुमी गप बसा."

दिवाळी तोंडावर येत चालली. शिवांजली येणार, बरणी मागणार. गल्लीतल्या लेकींची चौकशी केली, तर मंगलनं उन्हाळ्यातच बरणी रिकामी करून ठेवलेली, बाकीच्या दोघींनी चकत्या टाकून दिलेल्या. नांदत होती ती एकटी विट्याची. आता नणंदेपुढं पदर पसरायचा? "वन्सं, माझी आई बुरशीनं गेली" असं म्हणायचं? ज्या बाईनं तिच्या फळांच्या टोपलीला नाक मुरडलं, तिनं? बनुबाई घरभर फेऱ्या मारत राहिल्या, आणि देवापुढं दिवा लावता लावता त्यांना वाट सापडली. वाट जुनीच होती, पिढ्यान्‌पिढ्यांची.

दसऱ्यानंतर त्या विट्याच्या दारात उभ्या. हातात डिंकाचे लाडू.

"वन्सं, लेकीला न्यायला आले."

"का? नांदती की चांगली."

"नवी चकती धरली असंल ना?"

"धरलीया. लय झकास."

"मग पयलं बाळंतपण माहेरीच असतंय. मी काय रीत मोडू?"

सुलाबाईंनी वहिनीकडं बघितलं, लाडवांकडं बघितलं. बाई आयुष्यभर भावजयीचं बोलणं ऐकत आलेल्या. कुठल्या वाक्यात काय लपलंय ते त्यांना वासावरूनच कळायचं. पण रीतीपुढं इलाज नव्हता.

"ने की. पर अवघडलेली पोर एकटी कशी धाडू? संगं बाईमाणूस पायजे. मी येती."

बनुबाईंनी लाडू नणंदेच्या हाती दिले आणि बरणी उचलली.

एसटीत दोघींच्या मध्ये बरणी. कंडक्टर आला. "मावशी, ह्यात काय हाय?"

"लेक हाय," सुलाबाई म्हणाल्या. "दिवस भरल्यात."

त्यानं दोघींची तोंडं पाहिली, दोन अर्धी तिकिटं फाडली आणि पुढं सरकला.

घरी पोचताच सुलाबाई चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. "आता आमी घर बघनार. सासरची मानसं हाय आमी." फडताळ पाहिलं, भिंतीला हात लावला, ओटा हुंगला. मग गच्चीवर गेल्या. तिथं मोठी बरणी व्हिनेगरनं धुऊन उन्हात पालथी घातलेली.

"वैनी, आई कुठं हाय?"

बनुबाई पालथी बरणी सरळ करू लागल्या. खाली अंगणात लालासाहेब पेपराआड गेले.

"बुरशी?"

बनुबाईंनी मान हलवली.

"तू एवढी जपनारी. आंबट पानी किती ठिवलं व्हतं मागं?"

"वाटीभर."

"आन मला दिलीस ती बाटली?"

"भरून."

सुलाबाई गच्चीच्या कठड्यावर टेकल्या आणि हसायला लागल्या. पदर तोंडात घातला तरी हसू आवरेना. "माझ्या एका टोमण्यापायी आईला उपाशी ठिवलंस व्हय गं? अगं, हात आखडतो म्हनलं, तर बाई समदं घर ओतून मोकळी."

"शिवीला सांगू नगा, वन्सं."

"न्हाई सांगत. पर बाळंतपण मी हितंच राहून करनार."

आणि त्या राहिल्या. माजघरातली खिडकीजवळची कॉट त्यांनी घेतली. चहा किती उकळायचा, चकलीची भाजणी किती भाजायची, भावाला मफलर कुठला, सगळ्यात त्यांचा शब्द. बनुबाई दात चावून "व्हय वन्सं" म्हणत. लालासाहेबांच्या चेहऱ्यावर मात्र बहीण आल्यापासून जे तेज चढलं, ते त्यांना पेपराआडही लपवता येत नव्हतं. नव्या चहात भरपूर आंबट पाणी पडलं, कापड ताठ बसलं, आणि दिवाळीला चकती अशी धरली की आरशासारखी.

शिवांजली आली, बरणीवर वाकली. "आजी, ही माझीच ना?"

"तुझीच गं," बनुबाई नजर चुकवत म्हणाल्या.

"घरातलीच हाय," सुलाबाई कॉटवरून बोलल्या. "गोत्र तेच."

निघायच्या दिवशी बनुबाईंनी नातीसाठी बाटली घेतली, आंबट पाणी ओतलं, आणि बाटली भरायच्या आत हात थांबवला. आईजवळ चांगलं मोठं फुलपात्रभर राहू दिलं.

"आज आखडलास," सुलाबाई म्हणाल्या.

"शिकले."

"बरं झालं."

शिवांजलीची रिक्षा वळणाआड गेली. भाऊबीजही उरकली होती. बनुबाई आत आल्या, सवयीनं लाडवाचा डबा उचलला, नणंदेच्या पिशवीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, गाडी…"

सुलाबाईंनी कॉटवर उशी नीट केली आणि पाय लांब केले.

"कशाची गाडी, वैनी? बाळंतपणाला सवा म्हैना लागतो. रीत तूच काढलीस."