चिप्सच्या कडेवरच्या खाचा

पोकरमध्ये पैशांऐवजी लावायच्या चकत्या, म्हणजे चिप्स, घ्यायला गेलो तेव्हा खिशात लोहचुंबक घेऊनच गेलो होतो. फाउंड्रीच्या तपासणी खात्यात उभी हयात गेली; कुणी 'माल चांगला आहे' म्हटलं की मला आधी शंका येते. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका खेळण्यांच्या दुकानात स्वस्तातला डबा होता. वर छापलेलं, 'अस्सल मातीच्या चिप्स'.

"पावणं, एक नंबर माल हाय. वजन बघा की," दुकानदार म्हणाला.

वजन होतं, पण चुंबक लावल्याबरोबर चिप टपकन चिकटली. म्हणजे प्लास्टिकच्या पोटात लोखंडाची चकती. कडेवरून नख फिरवलं तर साच्याची शिवण तशीच राहिलेली. काही चिप्स एकावर एक रचल्या, तर चळत डुलायला लागली. लाल, हिरवा, निळा, तिन्ही रंग काळपट. मधे आकड्याचा गोल कागद चिकटवलेला होता. तो ओल्या बोटानं चोळला आणि लगेच सुटायला लागला.

"हे आकडे टिकणार नाहीत," मी म्हणालो.

"ह्या भावात आणि काय सोनं पायजे व्हय?"

तेही खरंच होतं. डबा घेतला.

रविवारी दुपारी आमच्या गॅलरीत आम्ही चौघं पत्ते खेळायचो. एक शिंपी, एक शाळेतून निवृत्त झालेला कारकून, मी, आणि एसटीचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माझा बालमित्र. पोकर आम्हाला माझ्या जावयानं दिवाळीत शिकवला होता. पैसे लावायचे नाहीत. हरेल त्यानं पुढच्या वेळच्या भडंगाची सोय करायची.

आकडे माझ्या अंदाजाप्रमाणं लवकरच निघून गेले. भडंगाच्या हातांनी चिप्सही तेलकट झाल्या, तेव्हा ड्रायव्हर मित्र डबा धुवायला म्हणून घरी घेऊन गेला आणि चकचकीत करून परत आणला.

त्यानंतर एकदा आवराआवर करताना एका चिपच्या कडेला माझं बोट अडकलं. खाच होती. स्वस्तातला माल, टवका उडाला असेल, असं आधी वाटलं. चष्मा लावून बघितलं. प्रत्येक लाल चिपवर एक खाच, हिरवीवर दोन, निळीवर तीन. सगळ्या सारख्याच खोल. टवका असा शिस्तीत उडत नाही. हे तिकोनी कानशीचं काम होतं.

पत्त्यांवर खुणा करून फसवणारे ऐकले होते, पण चिप्सवर खुणा करून काय साधणार? ते कळेना, म्हणून संशय जास्तच वाढला. डबा घरी नेला होता तो ड्रायव्हर मित्रानं, म्हणून पुढच्या रविवारी मी पत्त्यांपेक्षा त्याचे हात बघत बसलो. तो चिप उचलायचा, न बघता अंगठा कडेवरून फिरवायचा आणि मगच पुढं सरकवायचा. पत्तेही अगदी तोंडाशी धरायचा. शिंपी नेमका त्याच्या समोर बसायचा. दोघांचं काहीतरी ठरलंय, अशी माझी खात्रीच झाली.

खेळ संपल्यावर शिंपी आणि कारकून गेले. ड्रायव्हर मित्राला मी थांबवलं आणि एक लाल, एक हिरवी चिप त्याच्यापुढं टाकली.

"ह्या खाचा कुणी पाडल्या?"

"मी."

"कुणाला खुणा करतोस?"

तो हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "खुणा? मर्दा, लाल कुठली नि हिरवी कुठली, मला कळंना झालंय. आकडं हुतं तवर जवळ धरून वाचत हुतो. ते गेल्यावर काय करू? घरी उन्हात एकेक डोळ्याशी धरून रंग निवडलं नि कानस मारली."

"आणि पत्ते?"

"नाकाला लावतोय की. तुला वाटलं आसंल, लपवतोय."

मला तसंच वाटलं होतं. राग निवला नाही, फक्त त्याची दिशा बदलली.

"घरी माहीत आहे?"

"न्हाय. गगनबावड्याच्या घाटात धुक्यातनं एसटी काढली मी. आता दिसत न्हाय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"स्कूटरवरून आलास ना आज?"

त्यानं टेबलावरच्या स्कूटरच्या किल्लीकडं हात नेला. ती मी आधीच उचलली, रिक्षा थांबवली आणि त्याला घरी नेऊन वहिनींच्या समोर सगळं सांगितलं. तो आत निघून गेला. मी निघालो तरी बाहेर आला नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकवायला रोज डोळ्यांत औषध घालणं भाग होतं.

पुढच्या रविवारी तो आला, पण मुलाच्या गाडीवर मागं बसून. शिंप्याला आणि कारकुनाला त्यानं स्वतःच सांगितलं. कारकून मायेनं प्रत्येक रंग मोठ्यानं सांगायला लागला, तसा हा उखडला. "गप खेळ की! बोटं हायत मला."

"सकाळचं औषध घातलंस?" मी विचारलं.

"व्हय की."

उत्तर जरा जास्तच झटकन आलं. संध्याकाळी मी वहिनींना फोन लावून बाटली बघायला सांगितली. तिचं सील अजून फोडलेलंसुद्धा नव्हतं.

आता वहिनी स्वतः त्याच्या डोळ्यांत थेंब घालतात आणि मगच त्याला घराबाहेर सोडतात. तो डोळे पुसत जिना चढतो आणि खुर्चीत बसायच्या आधी मला शिव्या घालतो.