बाबूजींचं कंपनीला निवेदन

माझ्या वहिनीच्या वडिलांनी आयुष्यात पोच घेतल्याशिवाय कोणालाही काहीही दिलेलं नाही, माझ्या भावाला मुलगीसुद्धा. पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत असताना त्यांनी माझ्या वडिलांकडून 'कन्या सुस्थितीत मिळाली' असं लिहून सही घेतली, अशी आमच्या घरात वदंता आहे. ते स्वतः हे साफ नाकारतात. सही फक्त आंदणाच्या यादीवर होती, असं त्यांचं म्हणणं. पण ती यादी अजून त्यांच्या कपाटात आहे आणि तिच्यावर क्रमांक आहे, यावरून काय ते समजावं.

अख्खं अकोला त्यांना बाबूजी म्हणतं. उभी हयात एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात गेली. आलेल्या कागदावर आवक क्रमांक, गेलेल्यावर जावक क्रमांक, आणि ज्याच्यावर दोन्ही नाहीत तो कागद या भूतलावर नाहीच, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. निवृत्तीनंतर मुलाने स्मार्टफोन घेऊन दिला, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि शुभ सकाळचे संदेश नोंदवायला घेतले. मी एकदा हौसेने गुलाबाचं फूल पाठवलं. उत्तर आलं, 'आपले फूल मिळाले. आवक क्र. ४१२. यापुढे आठवड्यातून एकच पाठवावे.'

अशा माणसाच्या तावडीत समाजमाध्यमाची एक बलाढ्य कंपनी सापडली. झालं असं, की अकोल्याच्या जुन्या शहरात गाद्या-रजया भरणाऱ्या एक आपा आहेत. तीन पिढ्यांचं दुकान. एका सकाळी कोणीतरी त्यांच्या नावाने व्हिडिओ सोडला. कुठल्याशा परमुलखातल्या गोदामात दवाखान्यातला वापरलेला कापूस गाद्यांत भरताहेत आणि शेवटी पाटी मात्र आपांच्या दुकानाची चिकटवलेली. आठ दिवसांत लग्नसराईच्या गाद्या सांगितलेली माणसं फिरली. काहींनी तर नेलेल्या रजया आणून आपांच्या ओट्यावर टाकल्या. आपांनी फोनवर तक्रारीचं बटण दाबलं, तेव्हा कंपनीने कळवलं की व्हिडिओ नियमांत बसतो.

बाबूजी ते उत्तर आपांच्या फोनवर वाचून पेटले ते व्हिडिओमुळे कमी आणि खाली सही नव्हती म्हणून जास्त, असं तेव्हा मला वाटलं. "बिना सहीचं उत्तर? बाप्पा! याले उत्तर नाई म्हणत, याले तोंड लपवणं म्हणते!" असं गरजून ते एसटीत बसले आणि अकोला-अमरावती दोन्ही जिल्हे पालथे घालून त्यांनी अकरा संस्थांची संयुक्त समिती उभी केली. तिच्यात भातकुलीचा महिला बचत गट होता, वलगावचं वाचनालय होतं, पिंजाऱ्यांची जमात होती, आणि मोझरीकडचं एक भजनी मंडळही होतं. समिती नेमकी कशासाठी आहे हे भजनी मंडळाला बरेच दिवस उमगलं नव्हतं, पण प्रत्येक सभेला त्यांची खंजिरी हजर असे.

आता आपल्याकडे समिती झाली की निवेदन आलं, आणि निवेदन द्यायचं तर समोर कचेरी हवी. कंपनीची कचेरी शोधता शोधता बाबूजींना बसस्टँडजवळच्या एका मोबाइलच्या दुकानावर कंपनीचं निशाण रंगवलेलं दिसलं. झालं! दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अकरा संस्था त्या दुकानासमोर, पुढे बाबूजी, मागे खंजिरी. दुकानदाराला घाम फुटला.

"बाबूजी, मी त्या कंपनीचा कोणी नाई! पेंटरनं शोभेसाठी काढलं ते."

"मंग निशाण कावून लावलं? लावलं त जिम्मेदारी आली. करा सही."

बिचाऱ्याने सही केली, रिचार्जचा शिक्का मारला आणि फोटोत मधोमध उभा राहिला. फोटो पेपरात छापून आला, आणि त्याला कंपनीचा माणूस समजून गाव त्याच्याकडे लोटलं. कोणाचं खातं चोरीला गेलेलं, कोणाच्या मुलीचा फोटो भलतीकडे लागलेला. आठवडाभर लोकांचं ऐकून ऐकून तो इतका संतापला, की निशाण पुसून बारावा सदस्य म्हणून समितीत आला.

शेवटी अमरावतीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं, की कायद्याने कंपनीला तक्रार निवारण अधिकारी ठेवावाच लागतो, त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो, आणि त्याने तक्रारीची पोच द्यायची असते. हे ऐकून बाबूजींचे डोळे भरून आले. एकाच दिवशी बारा तक्रारी गेल्या, वकीलबाईंच्या ओळखीच्या राज्यभरच्या संस्थांनी जोर लावला, आणि कंपनीचा एक गोड बोलणारा माणूस वाचनालयाच्या पडद्यावर प्रकटला. काय दाखवायचं ते यंत्रच ठरवतं, असं तो पुनःपुन्हा सांगत होता. भातकुलीच्या अध्यक्षीणबाईंनी पदर खोचला. "भाऊ, बैलानं दुसऱ्याचं वावर खाल्लं, त आमच्या गावात बैलाले कोणी विचारत नाई. मालकाले विचारते!" टाळ्या, खंजिरी, हलकल्लोळ. चौथ्या दिवशी व्हिडिओ उतरला.

आम्ही सगळे पेढे घेऊन आपांच्या दुकानी गेलो. बाबूजी मात्र ओट्याखालीच उभे राहिले. त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि आपला कबुलीजबाब वाचायला घेतला. व्हिडिओ आला त्या सकाळी सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर तो पहिल्यांदा त्यांनीच पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'सावध राहावे.' ते वाचता वाचता त्यांना पुढचं दिसेना.

आपा म्हणाल्या, "मले तवाच मालूम झालं होतं, बाबूजी. माहे जेठ त्याच ग्रुपात हायत."

"मंग बोलल्या कावून नाई?"

"दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमी दुकानी आले. तुमचं तोंड पाहिलं न् म्हटलं, आता काय बोलू? वर या, चहा घ्या."

मी हातात पेढा धरून नुसता उभा होतो. मी तो व्हिडिओ कोणाला पाठवला नव्हता आणि त्या जोरावर स्वतःला मोठा सभ्य समजत होतो. पण त्या वर्षी आमच्या घरच्या रजया आपांकडेच भरायला टाकायच्या ठरल्या होत्या, आणि मी त्या गुपचूप अमरावतीत दुसरीकडे टाकल्या. व्हिडिओ खोटा असणार हे मला कळत होतं, तरी टाकल्या. याची मला लाज वाटते. आपांचा तो हंगाम गेला तो गेलाच, आणि गिऱ्हाईकही अजून सगळं परतलेलं नाही. मी हे फक्त बाबूजींना सांगितलं. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, लगेच चपला पायात सरकवल्या. "चाला, मी येतो संगं." मीच म्हणालो, पुढच्या रविवारी आपांकडे जाऊ.

असे पुष्कळ रविवार गेले. दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "उद्या येता काय?" मी काहीतरी कारण सांगतो, आणि ते म्हणतात, "बरं, काई हरकत नाई. मी हावो."