गोठ्यातल्या ट्यूबचा गोंगाट

खोडदच्या दुर्बिणीवर चांगदेव पडवळाचं काम विचारलं, की तो सांगायचा, "गोंगाट धरतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, गडी चेष्टा करतोय. पण खरंच तेच काम होतं. ही दुर्बीण काही डोळा लावून बघायची नव्हे. शेताशेतांतून तारेच्या जाळीच्या भल्यामोठ्या तीस तबकड्या उभ्या, आणि आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकत बसायच्या. त्या लहरी इतक्या नाजूक, की कुणाच्या विहिरीवरच्या स्टार्टरची ठिणगी म्हणजे तिथं तोफच. अशी ठिणगी कुठं उडतेय ते शोधायचं आणि गोड बोलून बंद करायला लावायचं, हे चांगदेवाचं काम. त्यासाठी तो सायकलनंच फिरायचा, कारण मोटारसायकलच्या प्लगचीसुद्धा ठिणगी मधे यायची.

दोन हजार दोन सालचा माघ होता. दक्षिणेकडची एक तबकडी चार महिने दुरुस्तीला बंद होती, ती सोमवारी सुरू झाली. सुरू झाली ती बोंबलतच! दिवस मावळला की कर्रकर्र चालू, उजाडलं की गप्प. मोहिनी मॅडमना एका दूरच्या तारकापुंजासाठी त्या आठवड्यातल्या सहाच रात्री मिळाल्या होत्या, आणि सगळ्या तबकड्या लागत होत्या. तीन रात्री वाया गेल्या.

"चांगदेव, शनिवारी माझी वेळ संपते," त्या म्हणाल्या. "परत मागायची तर वर्ष जाईल."

"धरतो मॅडम. जातंय कुठं?"

गुरुवारी दिवेलागणीला तो निघाला. हातात काड्याकाड्यांची अँटेना, कानाला हेडफोन, गळ्यात रिसीव्हर. अँटेना हळूहळू फिरवायची. कर्रकर्र सगळ्यात मोठी ज्या दिशेला, तिकडे नकाशावर रेघ ओढायची. मग दुसऱ्या जागी जाऊन दुसरी रेघ. रेघा एकमेकींना छेदतील तिथं चोर. पहिली रेघ ओढ्याच्या कडेनं गेली. तिकडं हौशीरामाचं वेल्डिंगचं दुकान, चांगदेव खूश झाला. पण दुकानाला कुलूप. हौशीराम पारावर बसलेला.

"काय राव, काठ्या घेऊन कुणाचं भूत धरताय?"

"तुझंच धरायला आलतो. पण तू तर बंद!"

दुसऱ्या जागी जाऊन चांगदेवानं दुसरी रेघ ओढली. रेघा जिथं छेदल्या तिथं एकच घर होतं, त्याच्या थोरल्या बहिणीचं, प्रयागबाईचं. खात्रीला तिसऱ्या जागी जाऊन तिसरी रेघ ओढली. तीही तिथंच.

आता सगळं ध्यानात आलं. भाऊबीजेला त्यानंच आक्काच्या गोठ्यात ट्यूब लावून दिली होती. दाजी गेल्यापासून आक्का एकटी, भोवती ऊस, आणि उसात बिबट्या. पौषात ट्यूबचं टोक काळं पडलं, ती उघडझाप करायला लागली, दर वेळी स्टार्टरची ठिणगी. चांगदेव नवी ट्यूब घेऊन गेला, तर आक्कानं हातच धरला. "ऱ्हाऊ दे रं. ही मिचमिचायला लागल्यापास्नं वाघ फिरकला न्हाई." चांगदेवालाही पटलं. नवी ट्यूब तशीच परत आली. दुसऱ्याचे स्टार्टर तपासत फिरणाऱ्या या शहाण्याला तेव्हा घराजवळची ती दक्षिणेकडची तबकडी आठवलीच नाही. ती बंद होती ना!

आता ट्यूब काढावी तर आक्काचं काय? तीन गाई, एक कालवड, आणि कालवडीच्या पलीकडं भिंतीला लागून आक्काची बाज. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. दोष विजेच्या खांबावर ढकलावा, असंही एकदा मनात आलं. सकाळी ऑफिसात मॅडमपुढं उभा राहिला आणि जे होतं ते सांगून टाकलं.

मॅडमनी नकाशा पुढं ओढला. "ट्यूब तुम्हीच लावली?"

"व्हय."

"मग बहिणीला सांगणार कसं?"

"त्योच घोर हाय, मॅडम. साधा बल्ब लावतो, त्येचा आवाज न्हाई. पण बल्बाला बिबट्या भीत न्हाई, असं आक्का म्हणती. आन तिचं खोटं म्हणायची माझी छाती न्हाई."

घरी येऊन त्यानं आपल्या कांद्याच्या रिकाम्या चाळीची जाळी उचकटून काढली. हौशीरामाला बोलावलं. दिवसभर दोघांनी आक्काचा गोठा चारी बाजूंनी आणि वरून जाळीनं बांधून काढला, बाजही आत घेतली. आक्का कमरेवर हात ठेवून उभी.

"मला कोंबडी केलीस की रं!"

"दोन राती, आक्का. आभाळ ऐकायचंय त्यांना."

"आभाळ बोलतं व्हय? आन माझी कालवड गेली तर ते भरून देनार का?"

चांगदेव बाजेवर चढला. त्यानं ट्यूब उतरवली, बल्ब लावला आणि काठी घेऊन ओसरीवर बसला. बल्ब नुसता ढिम्म जळत होता. उसात काही सळसळलं की चांगदेव काठी आपटायचा. पहाटे गाई एकदम उठून उभ्या राहिल्या, दावी ताणली. तो ओरडला, पत्रा बडवला, मग सगळं शांत झालं.

उजाडताच जाळीभोवती पावलं दिसली. बिबट्यानं दोन फेऱ्या मारल्या होत्या. कालवड आत रवंथ करत होती.

तेवढ्यात ऑफिसची जीप बांधावर थांबली. ड्रायव्हरनं मॅडमची चिठ्ठी दिली: रात्र एकदम स्वच्छ. आजही ट्यूब बंद ठेवा.

आक्कानं चहाचा कप पुढं केला. "जितलास की रं! घे, निवंल."

पण चांगदेव खाली वाकून बघत होता. कालवडीच्या बाजूला जाळीखालची माती वीतभर उकरलेली होती.

"दगड कुठं पडल्यात, आक्का?"

"चा घे आदी."

"दगड आदी," म्हणत तो बांधाकडं पळत सुटला.