इडाच्या खाडीतला सूड

हार्वीचं पाणमांजरांशी वैर होतं आणि ते त्याने कधी लपवलं नाही. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्या त्लिंगित लोकांच्या गावात कुणाचं अस्वलाशी वाकडं, कुणाचं शेजाऱ्याशी. ह्याचं समुद्रातल्या पाणमांजरांशी. शेवटच्या आजारात त्याच्या आईला, इडाला, स्वतःच्या खाडीतल्या तिसऱ्या, वाळूतल्या त्या शिंपल्या, खाव्याशा वाटल्या. हार्वी ओहोटीला बादली घेऊन गेला. वाळू उकरली तर नुसत्या फुटक्या शिंपा. समोर पाण्यात एक पाणमांजर उताणं पडून, पोटावर दगड ठेवून, मजेत तिसरी फोडत होतं. हार्वी रिकामी बादली घेऊन परतला. म्हातारी म्हणाली, "असू दे रे," आणि त्याच आठवड्यात गेली.

हार्वीने असू दिलं नाही. भरल्या घरात त्याने शपथ घेतली, "खाडीतलं शेवटचं पाणमांजर मरेपर्यंत आईचं भोजन घालणार नाही."

हे भोजन साधंसुधं नव्हे. हार्वीचं डोमकावळा कूळ वाढणार, समोरचं गरुड कूळ जेवणार, आणि मेलेल्याच्या आवडीचं अन्न विस्तवात घालून ते कुणी दिलं त्याचं नाव मोठ्याने सांगायचं, तेव्हा ते त्याला पोचतं. तोवर मेलेला उपाशी. म्हणजे पाणमांजरांवर दात धरून ह्या शहाण्याने आईलाच उपाशी ठेवलं! पण सुडाने पेटलेल्याला कोण सांगणार?

चार हिवाळे तो बंदूक घेऊन होडीत बसला. एकेक पाणमांजर टिपलं, कातडी कमावून पाहुण्यांसाठी टोप्या शिवल्या. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. खाडी साफ झाली, आणि खरंच, वाळूत तिसऱ्या परतल्या. हार्वीने छाती फुगवून भोजन ठरवलं, मुद्दाम वसंतात. त्या दिवसांत हेरिंग मासे किनाऱ्याला येतात आणि पाण्यातल्या उंच शेवाळावर गाबोळी घालतात. इडाच्या घरून गरुडांचा पाहुणा गाबोळी खाल्ल्याशिवाय कधी उठला नव्हता.

हार्वी गाबोळी आणायला गेला. जिथे वल्हं शेवाळात अडकायचं, तिथे होडी सरसर पुढे गेली. त्याने वाकून पाहिलं. तळाला शेवाळाचं एक पान नाही, सगळीकडे सी-अर्चिनचे जिवंत काटेरी गोळे पसरलेले. हेरिंगचा थवा आला, घुटमळला आणि निघून गेला.

धक्क्यावर त्याच्या बायकोचा भाऊ लेनार्ड वाटच पाहत होता. लेनार्ड गरुड कुळातला. दाजीची टर उडवणं त्याचा हक्कच.

"काय दाजी, रिकामी बादली? आता कुणाला गोळी घालणार?"

"तोंड आवर, लेनार्ड."

"ते गोळे खायचं कोण? तुमची पाणमांजरं. ती गेली, गोळे माजले, शेवाळाचं बूडच कुरतडलं. हेरिंगने काय तुमच्या टकलावर अंडी घालावीत?"

हार्वीच्या हाताची मूठ वळली. पण मारणार कुणाला?

भोजनाच्या दिवशी लेनार्ड टोपलीभर गाबोळी घेऊन आला, शेवाळासकट, गरुडांच्या खाडीतली. तिथे पाणमांजरं अजून होती. यजमानाने पाहुण्याचं अन्न पाहुण्यांना वाढायचं! हार्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाव तुझंच घेईन," तो पुटपुटला.

"माझं कशाला? मी नुसतं कापून आणलं. शेवाळ राखलं त्यांनी. खोटं नाव घ्याल तर म्हातारीला पोचणार नाही."

विस्तव पेटला. समोर गरुड कूळ पाणमांजरांच्या टोप्या घालून बसलं होतं. हार्वीने तिसऱ्या टाकल्या. "आई, हे माझ्याकडून." मग गाबोळी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला. कुणीतरी खोकलं. हार्वीचे दात आवळलेले होते.

"आई," तो शेवटी म्हणाला, "हे पाणमांजरांकडून."

माफ मात्र त्याने केलं नाही. पाहुणे निघाले तेव्हा त्याने भिंतीवरची बंदूक काढून लेनार्डच्या हातात दिली.

"घेऊन जा. ती पाणमांजरं खाडीत परत येतील, आणि मला माझा भरवसा नाही."